हात धुण्याचा हिशेब

(धरमपेठ, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलावयास तुम्ही एखाद्या डॉक्टरला बोलवावयास हवे होते, असे मी निमंत्रण देण्यास आलेल्या तरुण मित्रांना सांगितले होते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. जंतूंचे मला काय कळते? परंतु विचार करता करता मला असे वाटू लागले की रुग्णालयात रुग्णाला जडणारा संसर्ग हा जेवढा जंतूंचा प्रश्न आहे, तेवढाच तो मनुष्यबळाचा, वेतनाचा आणि हिशेबाच्या वहीचा प्रश्न आहे. त्या वहीविषयी बोलण्याचा अधिकार मला थोडाफार आहे.

दुसरा अधिकार अनुभवाचा. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी घरातच पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर कुशल होते, त्यांच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. मात्र आठव्या दिवशी जखमेतून पू येऊ लागला. जखम पुन्हा उघडावी लागली, महागडी प्रतिजैविके सुरू झाली आणि आठवड्याभराचा मुक्काम महिन्यावर गेला. रुग्णालयाचे नाव मी सांगणार नाही, कारण ते नाव बदलून दुसरे कोणतेही घातले तरी कहाणी तीच राहील. शेवटी देयक हाती आले तेव्हा मास्तरकीच्या सवयीने मी ते ओळ न् ओळ वाचले. संसर्गानंतरचा खर्च मूळ शस्त्रक्रियेच्या खर्चाहून अधिक होता. त्यात हातमोज्यांचे पैसे होते, कापसाचे होते, खाटेच्या भाड्याचे होते. हा संसर्ग आला कोठून आणि त्याचा भार कोणी उचलावा, याला मात्र त्या देयकात रकाना नव्हता. तो भार आम्ही उचलावयाचा, हे गृहीतच होते.

मला निवृत्तिवेतन आहे, आम्ही निभावून नेले. शेजारच्या खाटेवर बालाघाटकडचे एक वृद्ध होते. त्यांच्याही जखमेची हीच गत झाली होती. त्यांच्या मुलाने जमिनीचा तुकडा गहाण ठेवला. मित्रहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला खर्च बाहेर ढकलणे म्हणतात, ते मी वर्गात चाळीस वर्षे कारखान्याच्या धुराचे उदाहरण देऊन शिकवीत आलो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण त्या दोन खाटांवर होते.

त्याच मुक्कामात एका रात्री मी तेथल्या सिस्टरला जरा रागानेच विचारले, “तुम्ही एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात का धूत नाही?” ती तरुण मुलगी चिडली नाही. ती म्हणाली, “सर, प्रत्येक वेळी हात धुतले तर सलाईन कोण बदलणार?”

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. आजचे माझे सारे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचा विस्तार आहे.

तीस रुग्ण आणि एक सिस्टर

आपण साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. रात्रपाळीला एका कक्षात तीस रुग्ण आणि एक परिचारिका, हे चित्र आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत मुळीच अपवादात्मक नाही. प्रत्येक रुग्णाजवळ ती रात्रीतून चार वेळा गेली असे धरा. ताप पाहणे, इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, लघवीची पिशवी रिकामी करणे. एकशेवीस वेळा हात स्वच्छ करावयाचे. हातावर निर्जंतुक द्रव चोळावयाचा म्हटला तर प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, साबणाने धुवावयाचे तर जवळजवळ एक मिनिट लागते. म्हणजे नुसत्या हात धुण्यासाठी एक ते दोन तास हवेत! तेही कक्षातच नळ आहे, नळाला पाणी आहे, साबण संपलेला नाही आणि हात पुसावयास स्वच्छ कापड आहे, असे सारे गृहीत धरून. रुग्णाजवळ जाताना आणि तेथून निघताना असे दोन्ही वेळा हात धुवावेत, असे शास्त्र सांगते. तो हिशेब मी धरलेलाच नाही.

हात धुण्याला काही खर्च येत नाही, असे भिंतीवरील फलक सांगतात. ते खरे नाही. हात धुण्यास वेळ लागतो, आणि रुग्णालयात वेळ म्हणजे माणसे. भारतीय परिचर्या परिषदेचे मान अध्यापन रुग्णालयांतील सामान्य कक्षासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक असे आहे. पाचास एक आणि तीसास एक यांच्यामधील जी दरी आहे, तिच्यात जंतू राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी सात रुग्णांना तेथेच एखादा नवा संसर्ग जडतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण शंभरात पंधरा आहे. असा संसर्ग जडलेल्या दर दहांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. हाताची स्वच्छता आणि इतर साधे उपाय नीट पाळले तर यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असेही तोच अहवाल सांगतो. सत्तर टक्के टाळता येण्याजोगे असूनही जे टळत नाही, त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. तो कोणाच्या तरी धोरणाचा परिणाम असतो.

शासनाने काय केले

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विरोधी पक्षात बसलेल्यांनी तरी खोटे बोलू नये. रुग्णालयातील दूषित कचऱ्याविषयी १९९८ साली नियम झाले आणि २०१६ साली ते नव्याने व अधिक कडक केले गेले. पिवळे, तांबडे, पांढरे, निळे असे निरनिराळे डबे आज तालुक्याच्या दवाखान्यातही दिसतात, ते या नियमांमुळे. २०१५ च्या मे महिन्यात केंद्राने ‘कायाकल्प’ योजना आणली. स्वच्छता, कचरा व्यवस्थापन, संसर्ग नियंत्रण अशा कसोट्यांवर सार्वजनिक रुग्णालयांना गुण द्यावयाचे, सत्तर टक्क्यांवरील रुग्णालयांतून विजेते निवडावयाचे, आणि पहिल्या आलेल्या जिल्हा रुग्णालयास पन्नास लाखांचे पारितोषिक द्यावयाचे, अशी ती योजना. २०१७ साली प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा झाला. त्याच वर्षअखेर प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे कोरोनाची साथ आपल्या दारात येण्याच्या तोंडावर, संसर्ग नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. प्रत्येक रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असावी, त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका असावी, हे सारे त्यांत आहे.

‘कायाकल्प’मुळे अनेक ठिकाणी फरक पडला, हे मी स्वतः पाहिले आहे. जेथे डुकरे फिरत तेथे कुंपण झाले, शौचालयांना दारे आली. एखाद्या सरकारी दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना आपल्या कामाचा प्रथमच अभिमान वाटला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण योजनेची घडण पाहा. आरंभीच्या पाचशे गुणांत संसर्ग नियंत्रणाचे गुण शंभर. त्यांतही समिती आहे काय, फलक आहेत काय, नोंदवही आहे काय, असे व्यवस्थेविषयीचे प्रश्न पुष्कळ. गेल्या वर्षी शस्त्रक्रियेच्या शंभर जखमांपैकी किती चिघळल्या आणि यंदा किती, या एका आकड्यावर पारितोषिक ठरत नाही. परीक्षक येणार म्हणून सारवलेले अंगण आणि रोज सारवले जाणारे अंगण यांत फरक असतो. आपल्या घरातील बायकांना तो ठाऊक असतो, खात्याला नसतो.

दुसरी अडचण खात्यांची. नागपूरचेच उदाहरण घ्या. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. येथून जवळच गांधीनगरात असलेले इंदिरा गांधी रुग्णालय महापालिकेचे. कामगार विमा रुग्णालयाचा कारभार निराळा आणि मिहानमधील एम्स केंद्राचे. रामदासपेठ आणि धंतोलीतील खाजगी रुग्णालयांची नोंदणी होते ती १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, शिवनी येथून आलेला रुग्ण यांतील दोन-तीन दारे फिरतो. त्याच्या अंगावरचा जंतूही त्याच्याबरोबर तीच दारे फिरतो. जंतूला खाते नसते. परिपत्रकाला मात्र असते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. रुग्णालयाने आपल्याकडील संसर्गाचे प्रमाण जनतेपुढे मांडावे, असे बंधनच आपल्या राज्यात नाही. दिल्लीचे एम्स आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी काही निवडक रुग्णालयांचे जाळे उभारून अशा नोंदी ठेवण्याचे मोलाचे काम केले आहे. तथापि तो संशोधनाचा भाग झाला. तुमच्या-माझ्या जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर तो आकडा कधी लागत नाही. आकडा सांगावयाचा नाही, ही आपली जुनी खोड आहे. २०१० साली एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकाने प्रतिजैविकांना निकामी करणाऱ्या एका घटकाचा वृत्तांत छापला आणि त्या घटकास नवी दिल्लीचे नाव दिलेले होते, तेव्हा आपल्या राज्यकर्त्यांना प्रथम राग आला तो नावाचा. नाव देणे अनुचित होते, हे मलाही मान्य आहे. पण जंतू खरा होता.

माणूस सापडतो, व्यवस्था सापडत नाही

आता या प्रश्नाची जी करुण बाजू आहे तिकडे वळतो.

मुंबईत भांडुप येथे महापालिकेचे सावित्रीबाई फुले प्रसूतिगृह आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील नवजात अतिदक्षता कक्षात थोड्या दिवसांच्या अंतराने चार अर्भके रक्तातील जंतुसंसर्गाने दगावली. विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते, गदारोळ झाला, वैद्यकीय अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले, चौकशीची घोषणा झाली. इमारत महापालिकेची, पाटी महापालिकेची. परंतु तो अतिदक्षता कक्ष चालविण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविलेले होते. पाटीवरचे नाव मात्र अशा बाईचे, जिने १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी स्वतः प्राण सोडला. सेवा करणाऱ्याचे हातच संसर्गाच्या वाटेवर असतात, हे सावित्रीबाईंच्या मरणाने आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितले. आपण पाटी लावली आणि कक्ष कंत्राटाने दिला.

दोन वर्षांनी नांदेड घडले. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण मृत्यू पावले, त्यांत बारा नवजात बालके होती. ते सारे मृत्यू रुग्णालयातील संसर्गाने झाले, असे मी म्हणत नाही. कित्येक बालके अगदी अखेरच्या अवस्थेत तेथे आणलेली होती. परंतु चोवीस खाटांच्या नवजात कक्षात साठांहून अधिक अर्भके ठेवावी लागत होती, हे त्या वेळी उघड झाले. एकाच उबदार पाळण्यात दोन-तीन बालके ठेवली की एकाचा संसर्ग दुसऱ्यास जातो, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. लोकप्रतिनिधींनी काय केले? एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय स्वच्छ करवून घेतले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली!

मित्रहो, ती चित्रफीत पाहून टाळ्या वाजविणारे आपल्याही लोकांत होते, म्हणून हे जरा स्पष्ट बोलतो. गाडगेबाबांनी झाडू हाती घेतला तो स्वतःच्या. आमच्याच विदर्भातील या संताने दुसऱ्याला शिक्षा म्हणून झाडू दिला नाही. शौचालय झाडणे ही शिक्षा ठरविली की ते काम रोज करणारी माणसे जन्मभर शिक्षा भोगीत आहेत, असेच आपण म्हणालो. आणि ही माणसे कोणत्या जातींची असतात, हे या सभागृहात मी सांगावयास नको. शिवाय अधिष्ठात्यांनी त्या दिवशी एक शौचालय धुतले. दुसऱ्या दिवशी ते कोण धुणार होते?

अपराधी माणूस शोधून व्यवस्था झाकण्याची ही रीत इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन यांची गोष्ट आठवा. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या एका बाटलीतील लस टोचल्यावर एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन यांना दोषी धरून कामावरून दूर करण्यात आले. पुढे बाटली उघडताना तेथल्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट पुढे आली. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, पण त्यांची उमेदीची वर्षे गेली ती गेलीच. त्या बिचाऱ्या साहाय्यकाला दोष देऊनही भागत नाही. माळरानावर एका दिवसात शंभरांवर माणसांना लस टोचावयाची, हाताशी पुरेशी साधने नाहीत आणि काम वेळेत संपवावयाचे आहे, अशा अवस्थेत चिमटा पडला तर कोणीही तोच करील जो त्याने केला. आमची तीस रुग्णांची सिस्टर आणि मुल्कोवालचा तो साहाय्यक यांच्यात अंतर सव्वाशे वर्षांचे आहे, अवस्था एकच आहे.

स्वस्त कंत्राटाची किंमत

आता अर्थशास्त्राकडे. राज्यकर्ते म्हणतात, कायम नोकरांचा भार झेपत नाही; सफाई, सुरक्षा, किंबहुना परिचर्यासुद्धा कंत्राटाने घेतली तर बचत होते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग आपल्या राज्यात प्रशस्त केला होता. लोकक्षोभ झाला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. त्याआधी मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हाही कंत्राटी भरतीला विरोध हा त्यांच्या मागण्यांत होता. वृत्तपत्रांनी लिहिले, रुग्णांचे हाल. त्या मागणीत रुग्णांचेच हित होते, हे कोणी लिहिले नाही.

बचत होते, हे म्हणणे तपासून पाहू. इंग्लंडमध्ये १९८३ पासून थॅचर सरकारने रुग्णालयांची सफाई खाजगी कंत्राटदारांना देण्याचा रेटा लावला. त्या धोरणाचा परिणाम काय झाला, हे तेथील संशोधकांनी १२६ रुग्णालय संस्थांची २०१० ते २०१४ ची आकडेवारी घेऊन तपासले. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कंत्राटी सफाई स्वस्त होती, हे खरे निघाले. पण तेथे दर खाटेमागे सफाई कामगार कमी होते, आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एका घातक जंतूच्या संसर्गाचे प्रमाण स्वतःचे कामगार असलेल्या रुग्णालयांपेक्षा लक्षणीय अधिक होते. स्कॉटलंडने २००८ सालीच रुग्णालयातील सफाईची नवी खाजगी कंत्राटे बंद करण्याचा निर्णय घेतला होता.

याच इंग्लंडने दुसरी गोष्ट चांगली केली. त्या जंतूच्या रक्तसंसर्गाची मोजणी २००१ पासून प्रत्येक सरकारी रुग्णालयास सक्तीची केली, आकडे संस्थेच्या नावानिशी उघड केले, आणि २००४ साली ते निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. २००८ पर्यंत ते निम्म्याखाली आले. जंतू तेच, डॉक्टर तेच. मोजणे आणि सांगणे एवढे नवे होते.

कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश आहे. मग आपल्या विदर्भातला सर्वांत गरीब जिल्हा घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. हात धुणे, बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे आणि घरीच औषध टोचणे एवढे त्या करीत. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला जाई. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मातीच्या घरात, शेणाने सारवलेल्या भुईवर हे घडले. तेथे संगमरवरी फरशी नव्हती. एका बाळाकडे पाहावयास एका बाईला वेळ होता आणि कोणीतरी मोजीत होते.

मग बचत कोठे होते? परिचारिकेची जागा रिकामी ठेवली की शासनाच्या वहीत वेतनाचे पैसे वाचलेले दिसतात. त्यामुळे रुग्ण दहा दिवस अधिक खाटेवर पडला की खाट अडते, ते कोणत्याच वहीत दिसत नाही. बाहेरून आणलेल्या महागड्या प्रतिजैविकाचे पैसे बालाघाटच्या त्या मुलाच्या वहीत पडतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करतात आणि शासनाचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के आहे, असे २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. आपल्या राज्याने जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, तिचे मी स्वागतच करतो. परंतु टाळता येण्याजोग्या संसर्गावर विम्याचे पैसे उधळावयाचे आणि तो टाळणाऱ्या हातांसाठी पैसे नाहीत म्हणावयाचे, हा कोणता हिशेब? घर गळते आहे म्हणून आपण भांडी विकत घेत आहोत, कौले बदलीत नाही.

आपण काय करावे

शासनाला दोष देऊन मी खाली बसलो तर माझे भाषण तुम्हाला आवडेल, पण ते अर्धे राहील. आपलेही काही चुकले आहे.

नेत्याच्या वाढदिवसाला आपण रुग्णांना फळे वाटतो. पंचवीस कार्यकर्ते, हार, छायाचित्रकार, आणि प्रत्येक खाटेपाशी जाऊन रुग्णाच्या हातावर केळे. पंचवीस माणसांचे पन्नास हात! त्यांतले किती धुतलेले असतात? रुग्णाच्या खाटेवर बसून त्याची विचारपूस करणे आपल्याला माणुसकी वाटते. डॉक्टरांना जाब विचारण्यास आपण मोर्चा घेऊन थेट अतिदक्षता विभागात घुसतो. हे बंद करा. फळे द्यावयाची असतील तर स्वयंपाकघरात द्या, जाब विचारावयाचा असेल तर अधीक्षकांच्या कचेरीत विचारा.

आमच्या कामगार संघटनांनीही आत्मपरीक्षण करावे. वेतनासाठी, बढतीसाठी आपण लढलो, ते योग्यच होते. पण कायम झालेला कामगार पाळीवर येत नाही, त्याच्या जागी कोणी बदली माणूस निम्म्या पैशांत राबतो, हेही आपण डोळ्यांनी पाहिले आणि गप्प राहिलो. कंत्राटदाराला पहिले निमित्त आपणच दिले. कायम नोकरीची मागणी करणाऱ्याने कायम हजेरीची हमीही दिली पाहिजे.

आता मागण्या. मी चारच सांगतो, आणि चारही अशा आहेत की कोणताही तालुका कार्यकर्ता उद्यापासून त्यांचा पाठपुरावा करू शकेल.

पहिली. प्रत्येक कक्षाच्या दाराशी फलक हवा: येथे खाटा किती, रुग्ण किती, परिचारिकांच्या मंजूर जागा किती आणि या पाळीला हजर किती. ही माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला लागतात दहा रुपये.

दुसरी. शस्त्रक्रियेच्या जखमा, सलाईन आणि लघवीच्या नळ्या, नवजात कक्ष, यांतील संसर्गाचा आकडा दर महिन्यास जाहीर व्हावा. मात्र आकडा वाढला म्हणून कोणा सिस्टरला निलंबित करावयाचे नाही, ही हमी आपणच प्रथम मागितली पाहिजे. शिक्षेची भीती असली की आकडा लपतो, आणि लपलेला आकडा रुग्णाला मारतो. संसर्ग नियंत्रणाचेच काम करणारा पूर्णवेळ प्रशिक्षित कर्मचारी दर अडीचशे खाटांमागे किमान एक असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मान आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात तो आहे काय, हे विचारा.

तिसरी. सफाई कामगार आणि कचरा उचलणारे यांना हातमोजे, बूट आणि काविळीची व धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे. २०१६ च्या कचरा नियमांप्रमाणे ती देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना ती मिळाली, याची यादी मागा. सुई टोचलेल्या कामगाराची नोंद होत नाही, तेथे रुग्णाच्या संसर्गाची नोंद होईल, यावर माझा विश्वास नाही.

चौथी. नवजात कक्ष, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह येथील परिचर्या व सफाई कंत्राटाने देणे बंद करावे आणि तेथील रिक्त जागा प्रथम भराव्यात. सर्व जागा एका वर्षात भरता येणार नाहीत, हे मलाही कळते. पण आरंभ कोठून करावयाचा, हे ठरविता येते.

आणखी एक. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांच्या बैठका कधी होतात, पैसा कशावर खर्च होतो, याची चौकशी आपल्यापैकी कितीजण करतात? रंगरंगोटीचा खर्च मंजूर होतो, बेसिनचा नळ गळत राहतो. त्या बैठकीत बसणारा एक जागरूक माणूस दहा मोर्च्यांचे काम करील.

माझी पत्नी आता काठी घेऊन चालते. काठी तिला जन्माची सोबत झाली. त्या रात्रीची ती सिस्टर आज कोठे असेल ठाऊक नाही. कंत्राट संपले असेल तर दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात तीस रुग्णांमध्ये धावत असेल. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री दिले नव्हते. आज देतो. सलाईन बदलावयास दुसरी सिस्टर हवी, आणि ती मिळवून देणे हे तिचे काम नव्हे, आपले आहे.